येशू कोण, हे ठरवण्याची मुभा

मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधील चार ग्रंथांपैकी एकात, येशू शिष्यांना आधी लोक आपल्याविषयी काय म्हणतात ते विचारतो आणि मग त्यांचे स्वतःचे उत्तर मागतो. प्रश्न वैयक्तिक होता. पण ३२५ मध्ये नायसिया येथे सम्राटाने बोलावलेल्या धर्मसभेने आणि ४५१ मध्ये खाल्सेदोनच्या सभेने त्याचे उत्तर सर्वांसाठी ठरवून दिले: येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे. सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनेही ही चौकट लगेच मोडली नाही. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण, नाकारणाऱ्या एका स्पॅनिश वैद्याला १५५३ मध्ये जिवंत जाळले गेले ते सुधारणावाद्यांच्याच जिनिव्हात.

या पार्श्वभूमीवर १५६८ मध्ये ट्रान्सिल्व्हानियातील (आजच्या रोमानियातील) तोर्दा येथे झालेला निर्णय विशेष महत्त्वाचा ठरतो. उपदेशकाने शुभवर्तमान आपल्या समजुतीप्रमाणे सांगावे, मंडळीला (एका चर्चच्या भाविकांच्या समूहाला) ते पटले नाही तर तिच्यावर सक्ती करू नये आणि शिकवणुकीबद्दल कोणालाही तुरुंगात टाकू नये, असे तेथील विधिसभेने ठरवले. कारण विश्वास ही देवाची देणगी आहे आणि सक्तीने आत्म्याचे समाधान होत नाही. हे स्वातंत्र्य उपदेशक आणि मंडळी यांना होते, एकट्या माणसाला नव्हे, हा अभ्यासकांचा आक्षेप योग्यच आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, ज्यू आणि मुस्लिम यांना तर त्या मान्यतेत स्थानच नव्हते. तरीही सक्तीविरुद्धचे हे कारण एकदा कायद्यात आल्यावर ते मंडळीपाशी थांबवता येत नाही, असे मला वाटते. ते थांबवण्याचा प्रयत्न मात्र लगेच झाला. तेथील राजा वारल्यावर १५७२ मध्ये धर्मात आणखी नवे काही आणण्यास बंदी झाली, आणि येशूची प्रार्थना करू नये असे सांगू लागलेला, पूर्वी दरबारात मानाचे स्थान असलेला उपदेशक १५७९ मध्ये देवा नावाच्या गावातील किल्ल्यात कैदेत मरण पावला. आधी मान्य झालेल्या उत्तरांतून निवड करता येत होती, पण स्वतः विचार करत पुढे जाता येत नव्हते.

इंग्लंडच्या १६८९ च्या सहिष्णुता कायद्यातूनही त्रैक्य नाकारणारे वगळले गेले. १६९७ मध्ये एडिनबर्ग येथे वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला देवनिंदेबद्दल फाशी दिली गेली. त्रैक्य नाकारण्याबद्दलची कायदेशीर शिक्षा ब्रिटनमध्ये १८१३ साली हटली, तर धर्म किंवा श्रद्धा बदलण्याचे स्वातंत्र्य १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात स्पष्टपणे आले.

तोवर प्रश्नाचे रूप बदलले होते. १८३५ मध्ये एका जर्मन ग्रंथाने शुभवर्तमानांतील चमत्कारांना पुराणकथा मानले आणि लेखकाला नोकरी गमवावी लागली. विसाव्या शतकात उलट बाजूने, येशू एकतर खोटा, वेडा किंवा प्रभू असलाच पाहिजे, असा युक्तिवाद लोकप्रिय झाला. त्यात येशूने स्वतः देवत्वाचा दावा केला हे गृहीत धरलेले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तसे शब्द ठळकपणे येतात, तर इतर तीन शुभवर्तमानांत ते इतके उघड नाहीत. त्यामुळे आज स्वतःचे मत ठरवू पाहणाऱ्याला येशूविषयी काही म्हणण्याआधी या चार ग्रंथांपैकी कोणाचे कोणते शब्द येशूचेच मानायचे, हे ठरवावे लागते.