पोर्शे ९१५ गिअरबॉक्स आणि झिजलेल्या गिअरबदलाची दुरुस्ती

पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्स कारमध्ये १९७२ ते १९८६ या मॉडेल-वर्षांत बसवलेल्या हाताच्या गिअरबॉक्सचा कारखान्यातील क्रमांक ९१५ होता. टर्बो मॉडेलचा गिअरबॉक्स वेगळा असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही. या गाड्या आता चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्या आहेत. दुसरा गिअर टाकताना कर्रकन आवाज येणे, दांडी सैल हलणे, रिव्हर्स न सापडणे आणि गिअर आपोआप सुटणे या त्यांच्याविषयीच्या नेहमीच्या तक्रारी होत. अशा वेळी गिअरबॉक्सच गेला असा निष्कर्ष फार लवकर काढला जातो. प्रत्यक्षात बराचसा दोष दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीत आणि क्लचमध्ये असतो, आणि तो गिअरबॉक्स न उघडता दूर करता येतो.

९११ मध्ये आधी ९०१ क्रमांकाचा गिअरबॉक्स होता. त्याच्या पाच गिअरच्या प्रकारात पहिला गिअर डावीकडे खाली होता आणि दुसरा-तिसरा एका सरळ रेषेत येत. १९७२ च्या मॉडेलमध्ये इंजिन २.४ लिटरचे झाले आणि वाढलेला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पेलण्यासाठी ९१५ आला. त्यात पहिला गिअर डावीकडे वर, पाचवा उजवीकडे वर आणि त्याच्याखाली रिव्हर्स अशी मांडणी झाली. १९८४ च्या मॉडेलपासून ३.२ लिटरचे, युरोपीय रूपात २३१ अश्वशक्तीचे इंजिनही याच गिअरबॉक्सला जोडले गेले.

या गिअरबॉक्सचा स्वभाव त्याच्या सिंक्रोमेशवरून, म्हणजे गिअर बदलताना फिरत्या भागांचे वेग जुळवणाऱ्या यंत्रणेवरून, कळतो. सिंक्रोमेशच्या उगमाबाबत मात्र लेखनात एकवाक्यता नाही. विक्रीच्या मोटारीत ही योजना प्रथम अमेरिकेतील कॅडिलॅकने १९२८ च्या उत्तरार्धात, म्हणजे १९२९ च्या मॉडेलमध्ये आणली, हे सामान्यतः मान्य आहे. तिचे श्रेय अर्ल थॉम्प्सन या अभियंत्याला दिले जाते. त्या परंपरेतील यंत्रणेत शंकूच्या आकाराचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासून वेग जुळवतात, आणि बोर्ग-वॉर्नर पद्धतीची पितळी रिंग ही तिचीच पुढची अवस्था होय. पोर्शेची यंत्रणा या परंपरेची शाखा मानावी की स्वतंत्र शोध, हा वादाचा मुद्दा आहे. घर्षणाने वेग जुळवण्याचे मूळ तत्त्व समान असल्याने काहीजण तिला शाखा म्हणतात. परंतु तिच्यातील घर्षण स्वतःच स्वतःला वाढवते, आणि हा गुण शंकूच्या यंत्रणेत नाही. म्हणून तिला स्वतंत्र मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. तिच्या रचनेशी लेओपोल्ड श्मिड यांचे नाव जोडले जाते. काळाच्या बाबतीतही दोन मते आढळतात. काही लेखक पोर्शेने आखलेल्या चिझितालिया ३६० या १९४० च्या दशकाच्या अखेरीच्या शर्यतीच्या गाडीपासून आरंभ धरतात, तर काही पोर्शेच्याच ३५६ या मोटारीत १९५२ च्या सुमारास झालेल्या वापरापासून. ३५६ मध्ये त्यापूर्वी फोक्सवॅगनचा सिंक्रोमेश नसलेला गिअरबॉक्स होता. नियमित उत्पादनाचा निकष लावल्यास दुसरी तारीख सोयीची ठरते. पुढे हे पेटंट आल्फा रोमिओ, बीएमडब्ल्यू यांसारख्या कंपन्यांनीही परवाना घेऊन वापरले.

यंत्रणेचे काम असे चालते. प्रत्येक गिअरच्या बाजूला दातेरी कडे असते आणि त्याला लागून एका ठिकाणी चिरलेली, स्प्रिंगसारखी लवचिक पोलादी रिंग बसवलेली असते. दांडी ढकलली की सरकणारी स्लीव्ह या रिंगवर चढू लागते. दोघींच्या वेगात फरक असेल तर स्लीव्ह रिंगला आपल्याबरोबर फिरवू पाहते. रिंगचे टोक आतल्या ठोकळ्यावर रेटते, ठोकळा रिंगखालच्या पट्टीवर दाब देतो आणि पट्टी रिंगला आतून फुगवते. रिंग फुगली की घर्षण आणखी वाढते. ड्रम ब्रेकमधील पुढचा शू चाकाच्या फिरण्याने आपोआप अधिक घट्ट बसतो, तसाच हा प्रकार आहे. वेग जुळताच रेटा संपतो, रिंग आकसते आणि स्लीव्ह तिच्यावरून सरकून दातांत बसते. म्हणजे रिंग फुगलेली असेपर्यंत गिअरने अडून राहणे हा दोष नसून तेच तिचे काम आहे. दांडीवर बोटांचा संथ, सलग दाब ठेवणाऱ्याला ती साथ देते. हिसका मारणारा वेग जुळण्याआधीच स्लीव्ह रेटतो आणि दातांची टोके खातो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमधील वेगाचे अंतर मोठे असल्याने झीज बहुधा दुसऱ्या गिअरवर आधी दिसते.

तपासणीचा क्रम बाहेरून आत असावा. दांडीचे खालचे गोल टोक एका प्लास्टिकच्या वाटीत बसते. तेथून एक लांब रॉड गाडीच्या मधल्या बोगद्यातून मागे जातो आणि मागच्या आसनांमधल्या लहान झाकणाखाली असलेल्या कपलरमार्फत गिअरबॉक्सच्या शाफ्टला मिळतो. कपलरमध्ये प्लास्टिकचे दोन छोटे बुश, म्हणजे जोडातील अस्तरासारखे भाग, असतात. काळ व उष्णता यांनी ते ठिसूळ होतात, आणि जुन्या गाडीचे हे झाकण उघडल्यावर बुशच्या जागी कधीकधी तपकिरी चुराच हाती लागतो. दोन्ही टोकांना एखाद-दोन मिलिमीटरची ढिलाई असली तरी दांडीच्या मुठीशी ती कितीतरी पटींनी मोठी जाणवते. वाटी, कपलरचे बुश आणि रॉडला आधार देणारा बुश बदलणे हे कमी खर्चाचे काम आहे आणि त्याने पडणारा फरक लगेच हाताला कळतो. त्यानंतर गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवून कपलरचा क्लॅम्प सैल करून दांडीची जुळणी पुन्हा करावी लागते. ही जुळणी चुकली तर स्लीव्ह दातांत पूर्ण खोल बसत नाही, आणि सुटणाऱ्या गिअरचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

यानंतर क्लच पाहावा. ९१५ बरोबरचा क्लच केबलने चालतो; केबल ताणली गेली, पेडलचे बुश झिजले किंवा बोगद्यातील केबलची नळी आधारापासून सुटली, तर पेडल पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही. रिव्हर्सला सिंक्रोमेश नसल्यामुळे त्याच्यावर सोपी परीक्षा करता येते: इंजिन चालू ठेवून पेडल दाबावे, काही सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तरीही दात वाजले तर क्लच ओढतो आहे असे समजावे. असा क्लच तसाच ठेवून नव्या सिंक्रो रिंगा बसवणे म्हणजे त्यांचे आयुष्य पहिल्याच दिवसापासून कमी करणे होय.

तेलाबद्दल मतभेद तीव्र आहेत. जीएल-५ या प्रतीच्या गिअर तेलातील गंधकयुक्त द्रव्ये पितळी रिंगांना अपाय करतात, हा आक्षेप ९१५ ला जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण त्याच्या रिंगा मॉलिब्डेनमचा लेप दिलेल्या पोलादाच्या आहेत. येथे खरा प्रश्न निसरडेपणाचा आहे. रिंगला पकड मिळण्यासाठी घर्षण लागते, आणि ते फार कमी करणारे तेल दाते वाचवते पण सिंक्रोमेशला निष्प्रभ करते. म्हणून अशा सिंक्रोमेशला मानवेल असेच तेल निवडणे योग्य. गिअरबॉक्समध्ये सुमारे तीन लिटर तेल बसते. थंड तेलात पहिले काही किलोमीटर दुसरा गिअर जड जाणे हा बिघाड नव्हे.

एवढे करूनही भरभर गिअर बदलताना आवाज येत असेल आणि सावकाश बदलताना येत नसेल, तर झीज आत आहे. गिअरबॉक्स उघडेपर्यंत डबल क्लच करून, म्हणजे मध्ये न्यूट्रलवर येऊन क्लच दोनदा दाबून, गाडी सांभाळून चालवता येते. महाराष्ट्रातील जुन्या ट्रक व एसटी चालकांच्या अंगवळणी पडलेली हीच पद्धत आहे. गिअरबॉक्स उघडल्यावर केवळ रिंग बदलणे पुरेसे ठरत नाही. दातेरी कड्याचे दात टोकदार आहेत की गोलावले आहेत हे उजेडात धरून पाहावे, आणि गोलावले असतील तर कडे व स्लीव्हही बदलावी. स्लीव्ह सरकवणारे शिफ्ट फोर्क गिअरबॉक्समधील आपापल्या रॉडवर बोल्टने आवळलेले असल्याने ते पुन्हा नेमके जुळवणे हा या कामातील सर्वांत नाजूक भाग आहे.

दांडीचा पल्ला कमी करणारे शॉर्ट-शिफ्ट संच लोकप्रिय आहेत. पल्ला घटतो तशी तरफेची शक्तीही घटते आणि चालकाला अधिक जोर लावावा लागतो. झीज दूर करण्याआधी ते बसवू नयेत.

१९८७ च्या मॉडेलपासून ९११ मध्ये गेट्रागने बनवलेला जी५० गिअरबॉक्स, शंकूच्या पद्धतीचा सिंक्रोमेश आणि हायड्रॉलिक क्लच आले. जुन्या गाडीत जी५० बसवण्याचे प्रयत्न होतात, परंतु तो अधिक लांब असल्याने गाडीच्या मागच्या टॉर्शन ट्यूबमध्येच, म्हणजे मागच्या चाकांच्या स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्या ज्या आडव्या नळीत बसतात तिच्यातच, फेरफार करावा लागतो.