सालाँ: दरवर्षी न निघणारी शॅम्पेन

शॅम्पेन या फेसाळ वाइनचा धंदा मिसळणीवर चालतो. ती जिथे बनते तो फ्रान्सच्या ईशान्येकडचा शॅम्पेन प्रदेश थंड. कधी वसंतात हिम पडून कोंब जळतात, तर कधी ऐन तोडणीला पाऊस येऊन घड कुजतात. म्हणून शॅम्पेन बनवणारी बहुतेक घराणी वेगवेगळ्या जातींची द्राक्षं, अनेक गावांचा माल आणि मागल्या वर्षांची राखून ठेवलेली वाइन एकत्र करतात. चव सारखी राहते, गल्लाही चालू राहतो. सालाँ या घराण्याने ही सोय नाकारली. एकच जात, शार्दोने. एकच गाव, ल मेनिल-सुर-ओझे. आणि एकाच वर्षाचं पीक.

संस्थापक युजेन-एमे सालाँ हा वाइनच्या धंद्यातला नव्हेच. जन्म शॅम्पेनमधला, पण पैसा कमावला फरच्या व्यापारात. १९०५ साली त्याने पहिली वाइन काढली ती स्वतःसाठी आणि मित्रमंडळींसाठी. बाजारात यायला १९२१ उजाडलं. पुढे पॅरिसच्या मॅक्सिम्स रेस्तराँने तिला आपली खास शॅम्पेन म्हणून जागा दिली.

ल मेनिलच्या जमिनीखाली खडूचा दगड आहे. इथली शार्दोने कोवळेपणी चांगलीच आंबट लागते, तोंड आवळून टाकते. तिला वेळ द्यावा लागतो. तयार वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत पुन्हा किण्वन होतं, वायू बाहेर पडू न शकल्याने वाइनमध्येच मुरतो, आणि मेलेलं यीस्ट गाळ होऊन तळाशी बसतं. या गाळावरच चव चढते. नंतर बाटली हळूहळू फिरवत उलटी करतात, गाळ मानेत उतरला की मान गोठवून तो उडवून लावतात. व्हिंटेज, म्हणजे एकाच वर्षाच्या पिकाची शॅम्पेन किमान तीन वर्षं तळघरात ठेवावी, असा नियम आहे. सालाँ साधारण दहा वर्षं थांबते.

पीक मनासारखं नसेल तर त्या वर्षी सालाँ निघतच नाही. विसाव्या शतकात जेमतेम ३७ वर्षांच्या बाटल्या निघाल्या. या व्रताचं कौतुक फार होतं, पण हिशेबही पाहायला हवा. युजेन-एमे सालाँला ते परवडलं, कारण त्याचं घर फरवर चालत होतं. १९४३ मध्ये तो गेला, पुढे घराण्याचे मालक बदलत गेले आणि १९८८ मध्ये ते लोराँ-पेरिए या दुसऱ्या शॅम्पेन घराण्याकडे आलं. आज सालाँ न निघालेल्या वर्षीची वाइन वाया जात नाही. ती देलामोत या १७६० पासूनच्या, त्याच गावातल्या भगिनी घराण्याकडे जाते. म्हणजे नकाराची किंमत दुसऱ्या लेबलाखाली बरीचशी वसूल होते.

२००८ चं पीक मात्र पसंतीला उतरलं. शॅम्पेनमध्ये त्या वर्षाचा गाजावाजाही झाला. तरी सालाँने त्याच्या नेहमीच्या बाटल्या विकल्या नाहीत. दीड लिटरचे ८,००० मॅग्नम तेवढे काढले.