वास्त्यांचा हंगाम आणि पांडाचं पोट

जुलै सुरू झाला की ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईबाहेर येऊरच्या पाड्यांवरच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, आणि ओल्या गोणपाटावर रचलेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. "वाटा तीसला. पण दोन पाणी काढून टाक हां, नाहीतर कडू लागंल," मावशींनी बजावलं. तो कडूपणा सायनाइड सोडणाऱ्या एका द्रव्याचा असतो. कोंब उकळून पाणी ओतून दिलं की तो जातो, त्यामुळे मावशींचा सल्ला कधी मोडायचा नाही.

घरी येऊन कोंब सोलायला बसले. एकावर एक घट्ट चढलेली आवरणं, बाहेरच्यांवर हाताला खाज आणणारी तपकिरी कुसं. सोलत सोलत आत गेलं की मुळ्यासारखा पांढरा, सुरीखाली करकर वाजणारा गाभा लागतो. हा कोंब कुणी काढला नसता तर महिन्याभरात माणसापेक्षा उंच कळक झाला असता, आणि मग त्यावर कोयताच चालवावा लागला असता. वास्ते सोलताना मला दरवर्षी पांडा आठवतो. कोंब आणि कळक यांतला हा थोड्या दिवसांचा फरक त्याचं सगळं वर्ष ठरवतो.

पांडा अस्वलाच्या कुळातला. त्याचे पूर्वज मांस खायचे, मिळेल ते खायचे. पुढे हा प्राणी बांबूवर आला तो कायमचाच. आज त्याच्या आहारात जवळजवळ 99 टक्के बांबू असतो. बांबू धरायला मनगटाचं एक हाड वाढून सहाव्या बोटासारखं झालं, चावायला दाढा रुंद झाल्या, जबडा दणकट झाला. पोट मात्र जुनंच राहिलं. साधं एका कप्प्याचं जठर, आणि शरीराच्या लांबीच्या जेमतेम चार-पाच पट आतडं. मेंढीचं आतडं तिच्या लांबीच्या वीसपटींहून मोठं असतं. घोड्याला आणि सशाला चारा कुजवायला भलंमोठं आंधळं आतडं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली पिशवी, असतं; तेही पांडाकडे नाही.

चारा पचवणं म्हणजे काय, हे बघायला लांब जायला नको. ठाण्यात अजून काही तबेले टिकून आहेत. दुपारी तिथे गेलात तर म्हशी डोळे अर्धवट मिटून रवंथ करत बसलेल्या दिसतील. म्हशीच्या कोटीपोटात, म्हणजे जठराच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात, जिवाणू, बुरशी आणि एकपेशीय जीव यांची अफाट वस्ती असते. गवताचा तंतू म्हणजे सेल्युलोज. तो तोडणारं विकर म्हशीचं शरीर बनवत नाही, हे सूक्ष्मजीव बनवतात. चारा दिवस-दीड दिवस, कधी त्याहून जास्त, आत मुरतो. सूक्ष्मजीव तो आंबवतात, त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर म्हैस जगते, आणि शेवटी ते सूक्ष्मजीवही तिच्या पोटात पचून प्रथिनं पुरवतात.

पांडाच्या पोटातून बांबू आठ ते बारा तासांत बाहेर पडतो. एवढ्या वेळात मुरणार काय? खाल्लेल्यातलं जेमतेम 17 ते 20 टक्केच अंगी लागतं. म्हणून तो दिवसाचे बारा-चौदा तास खातच असतो, आणि काही ऋतूंत त्याचं एका दिवसाचं खाणं तीस किलोच्या वर जातं. त्याच्या विष्ठेत बांबूचे तुकडे जसेच्या तसे दिसतात, हिरवट पिवळे, तंतू मोजता येतील असे.

2010 मध्ये पांडाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात सेल्युलोज तोडणारं एकही जनुक सापडलं नाही. शिवाय मांसाची चव ओळखणारं एक जनुकही निकामी झालेलं दिसलं. मग हे काम पोटातले जिवाणू करत असणार, असा सगळ्यांचा अंदाज. 2011 मध्ये चिनी संशोधक फूवेन वेई यांच्या गटाला पांडाच्या विष्ठेत क्लॉस्ट्रिडियम गटातल्या जिवाणूंची तशी जनुकं सापडली आणि अंदाजाला बळ मिळालं. पण 2015 मध्ये चीनमधल्या चेंगडूच्या 45 पांडांच्या विष्ठेचे 121 नमुने तपासले गेले तेव्हा वेगळंच चित्र पुढे आलं. चारा खाणाऱ्यांच्या पोटात भरून असणारे तंतू फोडणारे जिवाणू तिथे जवळपास नव्हतेच. होते ते एशेरिकिया आणि स्ट्रेप्टोकॉकस, म्हणजे मांसाहारी अस्वलांच्या पोटाशी जुळणारा गोतावळा.

यावरून पांडाला उत्क्रांतीची चूक म्हणणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. चुकलेला प्राणी वीस लाख वर्षं बांबूच्या रानात टिकला नसता. 2015 मध्येच पांडाचा रोजचा ऊर्जेचा खर्च मोजला गेला. त्याच्या आकाराच्या प्राण्याला जेवढा अपेक्षित, त्याच्या फक्त 38 टक्के! थायरॉइडची संप्रेरकं कमी, हालचाल मंद, आणि उष्णता धरून ठेवणारी जाड फर. कमाई तुटपुंजी, पण खर्चही तसाच आवळलेला. 2019 मधलं संशोधन तर आणखी बोलकं आहे. पांडाला मिळणाऱ्या ऊर्जेतली सुमारे निम्मी प्रथिनांतून येते, अट्टल मांसाहारी प्राण्यांसारखी. बांबूतला तंतू तो बहुतांशी सोडून देतो आणि प्रथिनं टिपून घेतो. ताटात गवत असलं तरी अंगाचा हिशेब मांसाचाच आहे.

वास्त्यांचं महत्त्व इथे येतं. कोंबात प्रथिनं पानांपेक्षा बरीच जास्त असतात आणि चोथा कमी. चीनच्या छिनलिंग पर्वतातले पांडा वसंतात खालच्या उतारावरचे कोंब खातात, ते कठीण झाले की उन्हाळ्यात वर चढून दुसऱ्या जातीच्या बांबूचे कोंब गाठतात, आणि उरलेलं वर्ष पानांवर काढतात. कोंबांच्या हंगामात त्यांचं अंग भरतं. नुसत्या चांगल्या खाण्यामुळे भरतं, की त्यात पोटातल्या जिवाणूंचाही हात आहे?

जंगली पांडावर प्रयोग करता येत नाही. संशोधकांनी दोन्ही हंगामांतली विष्ठा गोळा केली आणि तिच्यातले सूक्ष्मजीव जंतुरहित वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सोडले. उंदरांना बांबूचं खाणं दिलं, सगळ्यांना सारखंच. कोंबांच्या हंगामातले जिवाणू मिळालेले उंदीर जास्त जाड झाले. 2022 मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या हंगामात पांडाच्या पोटात क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम हा जिवाणू वाढतो आणि ब्युटिरेट नावाचं छोटं आम्ल तयार करतो. शरीराच्या रोजच्या घड्याळाशी जोडलेलं पर-2 हे जनुक त्याने जागं होतं आणि चरबी साठवायला मदत होते. मला हा प्रयोग फार आवडतो. म्हशीच्या सूक्ष्मजीवांकडून ज्या कामाची अपेक्षा असते ते पांडाचे जिवाणू करत नाहीत. ते सुगीच्या दिवसांत, आलेलं नीट साठवून ठेवायला हातभार लावतात.

आपल्या मोठ्या आतड्यातही ब्युटिरेट बनतं, डाळी-भाकरी-भाज्यांमधल्या तंतूंपासून, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्याच्यावर पोसल्या जातात. टांझानियातल्या हाडझा लोकांच्या पोटातले जिवाणूही ऋतूप्रमाणे मागे-पुढे होतात, हे 2017 मध्ये दिसून आलंय. पण पांडाचं उंदरांवरचं निरीक्षण उचलून माणसाला लावायची घाई मी करणार नाही. वास्ते खाऊन कुणी जाड होत नाही, एवढं मात्र नक्की!

पांडाची पोटाची दुखणीही जुनीच आहेत. मधूनच तो खाणं टाकतो, मलूल होऊन पडून राहतो आणि विष्ठेऐवजी चिकट शेंबडासारखा पदार्थ बाहेर टाकतो. खरखरीत बांबू रोज या नाजूक आतड्यातून जायचा, तर अस्तराला इजा होणारच. प्राणिसंग्रहालयांत नुसते कोंब किंवा नुसती पानं देऊन भागत नाही. कुठल्या ऋतूत बांबूचा कुठला भाग तो मागतोय, हे राखणाऱ्याला ओळखावं लागतं.

न पचलेल्या बांबूचा एक उपयोग मात्र पांडालाच झालाय. प्रत्येक पांडाच्या चाव्याची लांबी थोडी वेगळी असते, आणि विष्ठेतल्या तुकड्यांवर ती टिकून राहते. गणना करणारे लोक डोंगर पालथे घालत ते तुकडे मोजायचे, आणि हा पांडा कालचाच की दुसरा, ते ठरवायचे. पुढे विष्ठेतल्या डीएनएची जोड मिळाली. 2014 मध्ये चौथ्या गणनेत रानातले 1,864 पांडा मोजले गेले, आणि 2016 मध्ये आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यांना 'संकटग्रस्त' वर्गातून काढून 'असुरक्षित' वर्गात आणलं. त्यांची राखण करताना खालचा उतार आणि वरचा उतार, दोन्ही राखावे लागतात. मध्ये रस्ता किंवा शेती आली, तर खालचे कोंब संपल्यावर पांडाने वर जायचं कसं?