मोजदादीचे भांडवल

मुंबईतील आठ निसर्गप्रेमींनी १८८३ साली ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. आज फोर्टमधील ‘हॉर्नबिल हाउस’मधून चालणारी ही ना-नफा संस्था सभासदांची वर्गणी, देणग्या आणि संशोधन प्रकल्पांसाठी मिळणारी अनुदाने यांवर उभी आहे. लाखाहून अधिक प्राणी-पक्ष्यांच्या नमुन्यांचा संग्रह, १८८६ पासून प्रसिद्ध होणारी शोधपत्रिका आणि पिढ्यानपिढ्या जपलेल्या नोंदी हे तिचे खरे भांडवल आहे. ताळेबंदात न दिसणारे हे भांडवल किती मोलाचे आहे, ते गिधाडांनी दाखवून दिले.

संस्थेचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करताना गिधाडांची घरटीही मोजली होती. त्या काळी गावोगावी मेलेल्या ढोरांवर गिधाडांचे थवे उतरत असल्यामुळे ही मोजदाद कुणालाही निरर्थक वाटली असती. परंतु १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या तेथे घरटी करत होत्या, ही नोंद हाताशी होती म्हणूनच १९९६ मध्ये त्यांपैकी निम्म्याही उरलेल्या नाहीत हे ठामपणे सांगता आले. पुढे देशभरातील पाहण्यांतून १९९२ ते २००७ या काळात या जातीची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचे स्पष्ट झाले.

कारण सापडले ते पाकिस्तानात, एका आंतरराष्ट्रीय गटाच्या संशोधनातून. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफिनॅक मांसातून गिधाडाच्या पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी होतात, रक्तातील यूरिक आम्ल वाढून अवयवांवर त्याचा पांढरा थर साचतो आणि पक्षी थोड्याच दिवसांत मरतो. एकाच ढोरावर डझनावारी गिधाडे जेवत असल्यामुळे शंभरातील एखादेच शव दूषित असले तरी सगळी जात संपण्याच्या वाटेला लागू शकते. भारताने २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. त्याऐवजी वापरता येणारे मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना बाधत नाही, हे सिद्ध करणाऱ्या संशोधनातही संस्थेचा वाटा होता.

अशा संस्थांची आर्थिक ओढाताण नेमकी येथेच होते. अनुदाने बहुधा ठरावीक वर्षांच्या प्रकल्पांसाठी मिळतात. गिधाडाची जोडी मात्र वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात. हरियाणा वन विभागासह पिंजोरला उभारलेले गिधाड संवर्धन केंद्र २००१ मध्ये सुरू झाले. पांढऱ्या पाठीची पहिली आठ गिधाडे तेथून मोकळी झाली ती २०२० साली. मधल्या सगळ्या काळात पक्ष्यांना औषधाचा अंश नसलेले मांस पुरवायचे आणि त्याच वेळी औषधांच्या दुकानांवरही लक्ष ठेवायचे, असा हा दुहेरी खर्च होता. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरची गिधाडे महाराष्ट्रात, ताडोबा आणि पेंच येथे आणली गेली, आणि तेथील मोजदाद आता नव्याने सुरू झाली आहे.