घोड्यांनी आखलेलं शांघाय

शांघायचा नकाशा मोबाइलवर उघडा. ह्वांगपू नदीच्या पश्चिम काठावर बोट ठेवा आणि तिथून डावीकडे सरकत जा. सुरुवातीला सगळं चौकटीत दिसतं. आडवे रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे उभे रस्ते, मधे पाटावर आखल्यासारखे चौकोन. मग हूबेई रोड लागतो आणि ही शिस्त बिघडते. हा रस्ता धनुष्यासारखा वाकतो. त्याच्या खालच्या अंगाला बेईहाई रोड, तोही वाकलेला. नानजिंग रोडच्या वरच्या बाजूला झीफू रोड, त्यालाही बाक. हे बाक बोटाने जोडत नेले की भर बाजारपेठेत एक लंबगोल उमटू लागतो. इथे ना टेकडी होती, ना तळं, ना जुना तट. १८५४ च्या सुमाराला इथे घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतं.

शहरात रेसकोर्स बसवायचा तर आधीच्या रस्त्यांना मुरड घालावी लागणार, असं आपण धरून चालतो. शांघायमध्ये मैदान आधी आलं आणि रस्ते त्याच्यामागून आले, तेही एकदा नव्हे तर तीनदा. महालक्ष्मीच्या रेसकोर्सचं काय करायचं यावर मुंबईत गेली दहा-बारा वर्षं जे चाललंय ते वाचताना मला शांघाय हटकून आठवतं, म्हणून ही हकिगत जरा तपशिलात सांगतो.

पहिल्या अफूयुद्धात हार पत्करल्यावर चीनला १८४२ च्या नानकिंग तहाने पाच बंदरं परदेशी व्यापाराला खुली करावी लागली. शांघाय त्यातलं एक. नोव्हेंबर १८४३ मध्ये ते उघडलं. ब्रिटिशांना वस्तीसाठी मिळालेली जागा तटबंदीच्या चिनी शहराबाहेर, उत्तरेला होती. नदीकाठचा चिखल, शेतं, आणि शेतांतून वाकडेतिकडे वाहणारे ओहोळ. १८४५ च्या जमिनीच्या नियमांप्रमाणे परदेशी माणसाला इथे जमीन सरळ विकत घेता येत नसे. शेतकऱ्याकडून ती कायमच्या भाडेपट्ट्याने घ्यायची. कागदावर पट्टा, व्यवहारात विक्रीच. वस्तीची पश्चिम हद्द १८४६ मध्ये जिथे ठरली तो आजचा हेनान रोड.

त्या हद्दीशीच पहिलं मैदान झालं. १८५० च्या सुमाराला काही ब्रिटिश व्यापाऱ्यांनी रेस क्लब काढला, ऐंशीएक मू जमीन घेतली आणि मधे बाग, भोवती ट्रॅक असं मैदान तयार केलं. सहा मू म्हणजे साधारण एक एकर, तेव्हा हे सगळं मिळून तेराएक एकर. नदीकाठच्या पेढ्यांपासून तिथवर जाण्यासाठी शेतातून एक वाट काढली. इंग्रज तिला पार्क लेन म्हणत. व्यापारी संध्याकाळी घोडे घेऊन त्या वाटेने निघायचे. शेतात वाकून काम करणारी माणसं ते रोज बघायची, आणि त्या वाटेला त्यांचं स्वतःचं नाव पडलं : मालू. मा म्हणजे घोडा, लू म्हणजे रस्ता.

हा शब्द चिनी भाषेत त्याआधीही होता, पण शहरातला सर्वसाधारण रस्ता या अर्थाने तो रूढ झाला तो शांघायमधून, असं तिथे मानतात. आज चीनमध्ये कुठेही आई पोराला ‘रस्ता जपून ओलांड’ म्हणते तेव्हा तिच्या तोंडी मालूच असतो. शांघायच्या लोकांनी तर पुढे रस्त्यांना क्रमांकच लावले. पार्क लेन झाला दा मालू, म्हणजे थोरला घोडरस्ता. त्याच्या दक्षिणेचे समांतर रस्ते ओळीने दुसरा, तिसरा, चौथा आणि पाचवा मालू. १८६५ मध्ये परदेशी नगरपालिकेने अधिकृत नावं लावली. उभ्या रस्त्यांना चिनी प्रांतांची आणि आडव्यांना शहरांची. दा मालूचा नानकिंग रोड झाला, म्हणजे आजचा नानजिंग रोड. जुनी माणसं मात्र कितीतरी वर्षं मालूच म्हणत राहिली.

या रस्त्यावर मुंबईचा पैसाही आहे, आणि तो विसरून चालणार नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. त्या व्यापारातले बगदादी ज्यू आणि पारशी शांघायच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत तिथे पोचले होते. मुंबईचे डेव्हिड ससून, ज्यांच्या नावाचं वाचनालय काळा घोड्याला आहे, त्यांचा मुलगा एलियास १८४४ मध्ये चीनला गेला आणि ससूनांची पेढी शांघायमध्ये उभी राहिली. याच पेढीत नोकरीला लागलेला सायलस हार्डून जन्माने बगदादचा, पण वाढला मुंबईत. तो पुढे नानकिंग रोडवरचा सर्वांत मोठा जमीनमालक झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने स्वतःच्या पैशाने या रस्त्यावर कठीण लाकडाचे ठोकळे बसवून घेतले. शेतातली घोड्यांची पायवाट साठ वर्षांच्या आत लाकडी फरसबंदीची झाली होती. ज्या जमिनींवर हे वैभव उभं राहिलं त्या कसणाऱ्यांचं नाव मात्र इथल्या कुठल्याच रस्त्याला नाही.

आता पुन्हा मैदानाकडे. १८४८ मध्ये वस्तीची हद्द पश्चिमेला एका ओढ्यापर्यंत सरकली. परदेशी लोक त्याला डिफेन्स क्रीक म्हणत. पहिलं मैदान त्यामुळे हद्दीवरून एकदम आत आलं. मग १८५३ मध्ये ‘छोटी तलवार’ नावाच्या गुप्त संघटनेने उठाव करून चिनी शहर ताब्यात घेतलं आणि घाबरलेली माणसं परदेशी वस्तीत शिरली. तिथे राहणारे चिनी लोक १८५३ मध्ये पाचशेच्या घरात होते, दोनच वर्षांत ते वीस हजारांवर गेले. खोल्या हव्या होत्या, चाळी हव्या होत्या, आणि वस्तीच्या मधोमध तेरा एकर घोड्यांसाठी मोकळे होते. क्लबने ते तुकडे पाडून विकले आणि मिळालेल्या पैशातून ओढ्याच्या अलीकडे, म्हणजे नव्या हद्दीला लागून, दुपटीहून मोठी जमीन घेतली.

हेच ते दुसरं मैदान, लंबगोलाचं. ४ एप्रिल १८५४ ला ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांची चिनी बादशाही फौजेशी चकमक झाली, इतिहासात तिला मडी फ्लॅट म्हणतात, तीही याच परिसरात.

पण हे मैदानही दहा वर्षं टिकलं नाही. १८६० नंतर चिनी बादशाहीविरुद्धच्या ताइपिंग बंडाच्या वणव्यातून पळालेले लोक लाखांनी शांघायमध्ये आले. जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. क्लबने पुन्हा तेच केलं, मैदानाचे तुकडे पाडले आणि विकले. या वेळी एक गोष्ट वेगळी घडली आणि तिच्यामुळेच आज नकाशावर बाक दिसतो. शर्यतीचा ट्रॅक म्हणजे भर घालून, पाणी काढून, घट्ट दाबून तयार केलेली पट्टी. चिखलाच्या मुलखात अशी पट्टी सोन्यासारखी. आतली जमीन विकली, बाहेरची विकली, आणि ट्रॅकचे तुकडे रस्ते म्हणून राहिले. घोड्याला पूर्ण वेगात वळता यावं म्हणून ठेवलेली ती गोलाई पुढे हातगाड्यांनी, रिक्षांनी, मोटारींनी जशीच्या तशी उचलली. नानकिंग रोड पश्चिमेकडे वाढला तो याच जुन्या मैदानाच्या अंगावरून.

तिसरं मैदान १८६२ च्या सुमाराला ओढ्याच्या पलीकडे गेलं, म्हणजे वस्तीच्या हद्दीबाहेरच, चिनी अमलाखालच्या शेतांत. या जमिनीबद्दल शांघायमध्ये एक गोष्ट सांगतात. होग नावाच्या इंग्रजाने घोड्याला टाच मारली आणि घोडा जिथून जिथून धावला तिथे खुंट्या मारून ‘एवढी जमीन आमची’ असं जाहीर केलं. अक्षरशः असंच घडलं असेल असं मी म्हणणार नाही. पण घरं-शेतं सोडावी लागलेल्या लोकांनी ही गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली यातच त्यांना तो व्यवहार कसा वाटला ते कळतं. मैदानाच्या उत्तर कडेने बबलिंग वेल रोड पश्चिमेला जिंगआन देवळाकडे गेला. पूर्वेचा ओढा १९१० नंतर बुजवला, तो झाला तिबेट रोड. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या रस्त्यांनी ट्रॅकचाच आकार घेतला. १८९९ मध्ये वस्तीची हद्द वाढली आणि तिसऱ्यांदा मैदान शहराच्या पोटात आलं.

या वेळी मात्र ते हललं नाही. शर्यतीत धावणारी मंगोलियन तट्टं आता साऱ्या शहराचा विषय झाली होती. ट्रॅक क्लबचा, आणि आतलं क्रिकेट वगैरेचं मैदान एका वेगळ्या क्रीडानिधीच्या विश्वस्तांचं, अशी मालकीची वाटणीही झाली होती. चिनी माणसाला क्लबचं सभासदत्व नव्हतं. त्याने तिकीट काढावं, पैसे लावावेत, एवढंच. या अपमानातून काही सधन चिनी मंडळींनी शहराच्या उत्तरेला जियांगवानला स्वतःचा रेसकोर्स उभा केला. तो १९११ च्या सुमाराला सुरू झाला. तोही आज नाही, पण त्या भागातला वूचुआन रोड अजून त्याचं वळण घेऊन जातो.

१९३४ मध्ये क्लबने घड्याळाच्या मनोऱ्याची नवी इमारत बांधली. त्याच वर्षी मैदानासमोर बावीस मजल्यांचं पार्क हॉटेल उभं राहिलं. एवढ्या उंच हॉटेलला समोर मोकळं आकाश मिळालं ते रेसकोर्समुळेच. आणि नदीकडच्या टोकाला, जिथून तो थोरला मालू निघतो त्या कोपऱ्यावर, १९२९ पासून व्हिक्टर ससूनचं हॉटेल होतं. हा गृहस्थ मुंबई-पुण्यात ‘मिस्टर ईव्ह’ या नावाने घोडे पळवायचा आणि शांघायमध्येही त्याचे घोडे धावायचे.

महायुद्धानंतर इथे शर्यती पुन्हा सुरू झाल्या नाहीत. १९५१ मध्ये नव्या सरकारने मैदान ताब्यात घेतलं. आता या एवढ्या जागेचं काय करायचं? पहिल्या दोन मैदानांसारखे तुकडे पाडून विकणं हा मार्ग राहिला नव्हता. अर्धा भाग बाग झाला, १९५२ मध्ये खुला झालेला पीपल्स पार्क. उरलेल्या भागात संचलनासाठी रुंद रस्ता आणि चौक, पीपल्स स्क्वेअर. १९९० नंतर तिथे नगरपालिकेचं मुख्यालय, वस्तुसंग्रहालय आणि नाट्यगृह आलं, खाली मेट्रोच्या तीन मार्गिका एकमेकींना मिळाल्या. शांघायची मोजणी ज्या शून्यबिंदूपासून होते तो बिंदू १९५० मध्ये पार्क हॉटेलच्या छतावरच्या ध्वजस्तंभाशी धरला गेला. म्हणजे या अवाढव्य शहराचं मापच जुन्या रेसकोर्सच्या कडेपासून सुरू होतं.

१९९९ मध्ये नानजिंग रोडचा जो टप्पा फक्त पादचाऱ्यांसाठी राखला तो हेनान रोडपासून तिबेट रोडपर्यंतचा. पहिल्या मैदानाशी सुरू होतो, दुसऱ्याच्या पोटातून जातो, तिसऱ्याच्या कडेला संपतो. किलोमीटरभर अंतर. एकदा हे कळलं की त्या रस्त्यावरून चालणं पूर्वीसारखं राहत नाही.

मुंबईतही शर्यती आधी भायखळ्याला होत. शहर तिथवर पोचलं आणि १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीला गेल्या, हॉर्नबी वेलार्डने समुद्र अडवल्यावर मागे राहिलेल्या सखल, दलदलीच्या जमिनीवर. तो बांध म्हणजेच आजचा लाला लजपतराय मार्ग. मग शहर महालक्ष्मीच्याही पुढे गेलं आणि २११ एकर मधोमध उरले. पूर्वेला मोझेस मार्ग, दक्षिणेला खाड्ये मार्ग, पश्चिमेला लजपतराय मार्ग, सगळे मैदानाला वळसा घालणारे. २०१३ मध्ये शर्यती चालवणाऱ्या क्लबचा भाडेपट्टा संपला. बराच वाद झाल्यावर २०२४ मध्ये १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर क्लबकडे असं ठरलं. सागरी किनारा रस्त्यालगतच्या हिरवळीशी ही जागा भुयारी मार्गाने जोडण्याची योजना आहे. मला काळजी आहे ती एकाच गोष्टीची. उद्यानाकडे नेणारे रस्ते, वाहनतळ, भुयाराची तोंडं यांच्या नावाखाली या १२० एकरांतली किती जमीन मातीची राहील? शांघायच्या पहिल्या दोन मैदानांत एक झाडही शिल्लक राहिलं नाही, तिसऱ्यात निम्मी बाग राहिली. मैदानावरून रस्ते कुठून जाणार हे आधी ठरतं आणि बागेची जागा त्यावरून ठरते. म्हणून तो नकाशा काम सुरू होण्याआधी, मराठीत, लोकांसमोर लागला पाहिजे.

शांघायच्या क्लबच्या इमारतीत पुढे ग्रंथालय होतं, मग कलासंग्रहालय, आणि २०१८ पासून शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. जिना जुनाच ठेवला आहे. त्याच्या लोखंडी कठड्यात घोड्यांची डोकी ओतलेली आहेत, वरच्या मजल्याकडे जाताना ती हाताला लागतात.