एका हातातले वजन आणि विरुद्ध बाजूच्या कुशीतले स्नायू

व्यायामशाळांमध्ये सध्या एक सल्ला वारंवार ऐकू येतो. बारच्या दोन्ही बाजूंना सारखे वजन लावण्याऐवजी एका बाजूला थोडे जास्त लावावे, किंवा दोन डंबेल्सऐवजी एकच डंबेल घ्यावे, म्हणजे ‘मसल ॲक्टिव्हेशन’ (स्नायूंची सक्रियता) वाढते आणि स्नायू लवकर भरतात, असे सांगितले जाते. यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे आणि त्यामागचे भौतिकशास्त्र अतिशय सुंदर आहे. दुसरा भाग मात्र एका मोजमापाचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे पसरलेला गैरसमज आहे.

शाळेत शिकलेली तरफ येथे उपयोगी पडते. समजा, आपण उजव्या हातात २० किलोचे डंबेल घेऊन ताठ उभे आहोत. कमरेतील मणका हा टेकू मानला, तर डंबेलचा भार त्या टेकूपासून साधारण २५ सेंटिमीटर उजवीकडे असतो आणि तो धडाला उजवीकडे वाकवू पाहतो. धड सरळ ठेवायचे असेल, तर तेवढेच बल आघूर्ण, म्हणजे बल आणि टेकूपासूनचे अंतर यांचा गुणाकार, डाव्या बाजूने निर्माण व्हावे लागते. हे काम डाव्या कुशीतील तिरपे स्नायू आणि शेवटच्या बरगडीपासून कमरेच्या हाडापर्यंत गेलेला क्वाड्रेटस लम्बोरम हा खोलवरचा स्नायू मिळून करतात. या स्नायूंची बलभुजा, म्हणजे टेकूपासूनचे अंतर, सरासरी १० सेंटिमीटर धरू. २० किलोला २५ ने गुणून १० ने भागले की ५० येतात, म्हणजे हातात २० किलो असताना विरुद्ध कुशीतील स्नायूंना ५० किलो वजनाइतके बल लावावे लागते. हे बल खालच्या दिशेने ओढत असल्यामुळे मणक्यावर डंबेलचे २० आणि स्नायूंचे ५० असा एकूण ७० किलोचा जादा दाब पडतो.

आता दोन्ही हातांत २०-२० किलो घेतले, तर दोन्ही बाजूंची आघूर्णे एकमेकांना रद्द करतात, कुशीतील स्नायूंवरचा भार जवळजवळ उतरतो आणि मणक्यावरचा जादा दाब सुमारे ४० किलोच राहतो. वजन दुप्पट होऊनही दाब कमी होतो, हे प्रथम ऐकताना पटत नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चालताना नेमके हेच दिसले. एका हातात ३० किलो असताना कमरेवरचा दाब २८०० न्यूटनच्या वर गेला, तेच वजन १५-१५ किलो असे वाटून घेतल्यावर तो सुमारे १५७० न्यूटनवर आला, आणि दोन्ही हातांत ३०-३० किलो घेऊनही तो एका हातातील ३० किलोपेक्षा कमीच राहिला. माझ्या वरच्या हिशोबापेक्षा प्रत्यक्ष शरीर अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण तोल सांभाळण्यासाठी दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी थोडेफार आवळले जातात. तरीही मुख्य गोष्ट बदलत नाही. कोणता स्नायू किती काम करील हे केवळ वजनावर ठरत नाही, ते वजन टेकूपासून किती दूर आहे यावरही ठरते.

याच नियमाचा फायदा शरीर स्वतःहून घेते. पाण्याने भरलेली बादली उजव्या हातात घेऊन चालणारा माणूस पाहावा. त्याचा डावा हात शरीरापासून दूर जातो आणि धड डावीकडे कलते. साठ किलोच्या माणसाचे कमरेच्या वरचे शरीर साधारण ४० किलोचे धरले आणि त्याचा गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटर डावीकडे सरकला, तर २० किलोच्या बादलीच्या आघूर्णापैकी सुमारे ४० टक्के आघूर्ण तेवढ्यानेच भरून निघते आणि कुशीतील स्नायूंना तितके कमी काम उरते. पाणी भरताना हे शहाणपणाचे आहे. व्यायाम करताना मात्र याने हेतूच हरवतो, कारण ज्या स्नायूंना काम द्यायचे त्यांचे काम हाडांचा सांगाडा आणि शरीराचे वजन करू लागते. म्हणून एका हातात वजन घेऊन चालण्याच्या व्यायामात खांदे समपातळीत ठेवण्याचा आग्रह धरला जातो आणि तो पूर्णपणे योग्य आहे.

चालताना आपण प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर उभे असतो. अशा वेळी कमरेचे हाड दुसऱ्या बाजूला खाली झुकू नये म्हणून उभ्या पायाच्या नितंबाच्या बाजूचा ग्लुटिअस मीडिअस हा स्नायू ते धरून ठेवतो. अमेरिकेतील डोनाल्ड न्यूमन आणि थॉमस कुक यांनी १९८५ मध्ये दाखवले की वजन विरुद्ध हातात असेल तर या स्नायूची विद्युत क्रिया वाढते, आणि वजन त्याच बाजूच्या हातात असेल तर ती तशी वाढत नाही. यातून एक व्यवहारोपयोगी गोष्ट निघते. ज्याच्या डाव्या खुब्याच्या सांध्यात दुखते, त्याने काठी उजव्या हातात धरावी, पण सामानाची पिशवी मात्र डाव्या हातात घ्यावी.

विद्युत क्रिया म्हणजे नेमके काय मोजतात, हे समजल्याशिवाय ‘ॲक्टिव्हेशन’चा दावा तपासता येत नाही. मज्जारज्जूतून निघालेली एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातील स्नायुतंतू यांना मिळून मोटर युनिट म्हणतात. बल वाढवायचे असेल तर मेंदू अधिक युनिट्स कामाला लावतो किंवा त्यांना अधिक वेगाने संदेश पाठवतो. साधारणपणे आधी लहान युनिट्स आणि मग मोठी युनिट्स कामाला लागतात, हा एल्वुड हेनेमन यांनी १९६५ मध्ये मांडलेला नियम आहे. प्रत्येक संदेशासोबत तंतूंवर विद्युत विभवाची एक लाट धावते आणि त्वचेवर चिकटवलेले इलेक्ट्रोड अशा असंख्य लाटांची बेरीज टिपतात. यालाच इलेक्ट्रोमायोग्राफी किंवा ईएमजी म्हणतात. या बेरजेत धन आणि ऋण लाटा एकमेकींना काही प्रमाणात खोडतात, त्वचेखालील चरबीमुळे संकेत क्षीण होतो आणि शेजारच्या स्नायूचा संकेतही त्यात मिसळतो. म्हणून मिळालेला आकडा त्याच व्यक्तीच्या त्याच स्नायूच्या कमाल ऐच्छिक आकुंचनाच्या (स्वतःहून पूर्ण जोर लावून आवळण्याच्या) टक्केवारीत मांडावा लागतो, आणि ते कमाल आकुंचन नीट मोजले गेले नसेल तर पुढचे सर्व आकडे फसवे ठरतात. शिवाय स्नायू थकला की तेवढेच वजन उचलतानाही ईएमजीचा आकडा चढत जातो, म्हणजे आकडा वाढला तरी बल वाढलेले नसते.

वेळेचा क्रम दाखवण्यात मात्र ईएमजीला तोड नाही. १९६७ मध्ये सोव्हिएत संशोधक बेलेन्की, गुरफिंकेल आणि पाल्त्सेव्ह यांनी उभ्या माणसाला हात झटकन वर करायला सांगितले, तेव्हा खांद्याचा स्नायू आवळण्यापूर्वीच पायांचे आणि धडाचे स्नायू कामाला लागलेले आढळले. तोल जाण्याची वाट न पाहता मेंदू आधीच तजवीज करतो. असमान वजनाच्या सरावातून ही तजवीज अधिक नेमकी होत असावी असे मला वाटते, आणि या व्यायामाचे खरे मोल मला त्यातच दिसते.

आता स्नायू भरण्याच्या दाव्याकडे वळू. कॅनडातीलच केनेथ अँडरसन आणि डेव्हिड बेम यांनी २००४ मध्ये स्थिर बाकावर आणि हवा भरलेल्या मोठ्या चेंडूवर झोपून छातीने जोर लावण्याची तुलना केली. चेंडूवर प्रत्यक्ष बल सुमारे ६० टक्क्यांनी घटले, पण ईएमजीच्या आकड्यांत लक्षणीय फरक पडला नाही. स्नायू तितकेच सक्रिय होते, पण त्यांची बरीच शक्ती सांधा स्थिर ठेवण्यात खर्ची पडली. असमान वजनात ही अस्थिरता बरीच कमी असते, तरी तिचा परिणाम त्याच दिशेचा असतो. कुशीतील आणि नितंबाच्या बाजूचे स्नायू अधिक काम करतात, आणि छाती, मांड्या यांसारख्या मुख्य स्नायूंना पेलता येणारे वजन कमी होते. ज्याला छाती भरायची आहे त्याने सारखे वजन लावून उत्तम आधार असलेल्या बाकावरच व्यायाम करावा. ईएमजीचा रंगीत आलेख दाखवून दुप्पट वाढीची हमी देणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

दुसऱ्या टोकाची एक समजूत अशी की, एका हाताने जड वस्तू उचलली की बेंबी सरकते. बेंबी ही जन्मानंतर नाळ गळून पडल्यावर उरलेला व्रण आहे, आणि ती जागची हलून पोटदुखी सुरू होत नाही. वजन उचलल्यावर पोटात दुखत असेल तर स्नायू ताणलेला असू शकतो किंवा हर्निया असू शकतो. हर्निया असताना पोट चोळून घेणे धोक्याचे आहे, म्हणून चोळणाऱ्याकडे न जाता थेट डॉक्टरांकडे जावे.

आपल्या तालमींतील गदा हे असमान भाराचेच जुने साधन आहे. तिचे जवळजवळ सगळे वजन दांड्याच्या एका टोकाला असते, त्यामुळे ती पाठीमागून फिरवताना भारभुजा, म्हणजे भाराचे टेकूपासूनचे अंतर, क्षणोक्षणी बदलते आणि पकड, खांदा व धड यांना सतत नवे आघूर्ण तोलावे लागते. मल्ल ती हात बदलून फिरवतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना काम मिळते.

बारवर असमान वजन लावणाऱ्यांनी एक हिशोब अवश्य करावा. हात एकमेकांपासून ८० सेंटिमीटरवर आहेत आणि उजवीकडे अडीच किलोची जादा प्लेट बारच्या मध्यापासून ७५ सेंटिमीटरवर आहे असे धरू. प्लेट हाताच्या बाहेर असल्यामुळे उजव्या हातावर सुमारे ३.६ किलो भार वाढतो आणि डाव्या हातावरचा सुमारे १.१ किलोने कमी होतो. दोन हातांतील फरक ४.७ किलोचा, म्हणजे प्लेटच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून सुरुवात सव्वा किलोच्या प्लेटने करावी, दोन्ही टोकांच्या कॉलर (प्लेट घसरू न देणाऱ्या पकडी) घट्ट लावाव्यात, प्रत्येक सेटनंतर बाजू बदलावी, आणि ज्यांना कमरेच्या गादीचा त्रास आहे त्यांनी हा प्रयोग वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नये. नवशिक्याने तर बारऐवजी एकच डंबेल घ्यावे, कारण त्याचा भार थेट मुठीत असतो आणि हातावर येणारे वजन त्यावर लिहिलेले असते तेवढेच राहते.