टॉर्क कन्व्हर्टर: तीन खटके आणि एक फट

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करून परत चढवला, इंजिन सुरू केलं, लिव्हर ‘डी’वर टाकला आणि गाडी जागची हलेना. खापर लगेच गिअरबॉक्सवर फुटतं. पण कित्येकदा गिअरबॉक्स ठणठणीत असतो आणि घोळ झालेला असतो तो चढवताना. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधला टॉर्क कन्व्हर्टर पूर्ण आत बसलेला नसतो आणि तो तसाच बोल्टच्या जोरावर दाबला जातो.

(आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या ‘ऑटोमॅटिक’ गाड्यांत एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारा मॅन्युअल गिअरबॉक्स, असतो. त्यात नेहमीचाच क्लच असतो, कन्व्हर्टर नसतो. त्यांना यातलं काही लागू नाही.)

कन्व्हर्टर म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचा, सगळीकडून वेल्डिंग केलेला, तेलाने भरलेला पोलादी डबा. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये या तत्त्वाचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. डब्याच्या कवचालाच आतून पाती असतात. इंजिनाबरोबर कवच फिरतं आणि तेल समोरच्या टर्बाइनवर फेकतं. टर्बाइन गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवतं. परतणाऱ्या तेलाची दिशा मधला स्टेटर वळवतो, म्हणून गाडी जागेवरून निघताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे दुप्पट होऊन पुढे जातो. मला या यंत्रातला सर्वांत सुंदर भाग हा स्टेटरच वाटतो. एकाच दिशेने फिरू देणाऱ्या क्लचवर तो बसलेला असतो: जोर हवा तेव्हा घट्ट उभा राहतो, वेग जुळत आला की तेलाबरोबर मोकळा फिरतो.

बसवण्याची सगळी मेख या रचनेत आहे. जनरल मोटर्सचा १९६९ पासूनचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० घ्या. गिअरबॉक्सच्या तोंडाशी एकात एक अशा तीन गोष्टी असतात. मधोमध टर्बाइनचा शाफ्ट, त्याभोवती स्टेटरला धरून ठेवणारी स्थिर पोकळ नळी, आणि त्यामागे ऑइल पंपाचं गिअर. पहिल्या दोहोंवर दाते आहेत. पंपाच्या गिअरला दोन जिभा आहेत, त्या कन्व्हर्टरच्या मानेवरच्या (गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या नळीवरच्या) दोन खाचांत शिरायला हव्यात. या तिन्ही जागा एकदम जुळत नाहीत आणि आतलं काही दिसतही नाही. म्हणून कन्व्हर्टर आत रेटत हळूहळू फिरवायचा. एक खटका, थोडा आत. पुन्हा खटका, आणखी आत. शेवटचा बहुधा पंपाचा, आणि घाईत राहून जातो तोही हाच, कारण दोन खटक्यांनंतरच ‘बसला’ असं वाटू लागतं.

त्याआधी कन्व्हर्टरमध्ये सुमारे लिटरभर ट्रान्समिशन तेल ओतावं, मानेला आणि ऑइल सीलला तेल लावावं. कोरडी मान सीलची कड फाडते. गिअरबॉक्स उचलताना तो पुढे झुकू देऊ नये, नाहीतर कन्व्हर्टर पुढे सरकतो आणि पंपातून सुटतो.

आता इंजिनाशी जोडणी. बेल हाउसिंग, म्हणजे कन्व्हर्टरभोवतीचं गिअरबॉक्सचं घंटेसारखं तोंड, इंजिनाला हातानेच पूर्ण टेकलं पाहिजे. मध्ये फट राहिली तर बोल्ट आवळून ती मिटवायची नाही, गिअरबॉक्स मागे घेऊन कन्व्हर्टर पुन्हा बसवायचा. आवळत गेलात तर तो सगळा दाब पंपाच्या गिअरवर येतो आणि ते तडकतं. पंप गेला की तेलाचा दाब नाही, दाबाशिवाय आतले क्लच पकडत नाहीत, आणि गाडी हलत नाही.

हाउसिंग टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरायला हवा. तो मागे ढकलल्यावर फ्लेक्सप्लेट (इंजिनाबरोबर फिरणारी पातळ चकती, कन्व्हर्टर हिलाच बोल्टने जोडतात) आणि त्याच्यामध्ये फट उरते. या गिअरबॉक्सला ती साधारण ३ ते ५ मिलिमीटर हवी. इतर गाड्यांचा आकडा त्यांच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. तापल्यावर आणि दाबाखाली कन्व्हर्टर किंचित फुगतो, त्याला ही जागा लागते. फट अजिबात नसेल, तर कुठला तरी खटका राहिला आहे. फार जास्त असेल, तर बोल्ट आवळताना मान पंपातून अर्धीमुर्धी बाहेर ओढली जाते. तिथे योग्य जाडीचे वॉशर घालावेत.

सगळं आवळून झालं की तेल भरून इंजिन सुरू करावं. कन्व्हर्टर लगेच तेल ओढतो आणि पातळी झपाट्याने खाली जाते, तेव्हा इंजिन चालू असतानाच आणखी तेल घालावं. मग ब्रेक दाबून लिव्हर एकेका गिअरमधून न्यावा, पार्कवर आणावा, आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक पाहावी.